शिल्पावर चढलेली मुलं

हैदराबादच्या बागेत मुलांचे फोटो काढायला निघालात, तर कॅमेऱ्याची बॅटरी तपासण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: कोणत्या शिल्पावर मूल चढलेलं चालेल आणि कोणत्या नाही. या शहरात पुतळ्यांची कमतरता नाही. टँक बंडवर, म्हणजे हुसेनसागर तलावाच्या बांधावर, तेलुगू संत, कवी, राजे आणि समाजसुधारक ओळीनं उभे आहेत. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकात हे पुतळे बसवले गेले. १० मार्च २०११ रोजी तेलंगण आंदोलनाच्या 'मिलियन मार्च'मध्ये त्यांतल्या बऱ्याच पुतळ्यांची मोडतोड झाली आणि नंतर ते पुन्हा उभारले गेले. ज्या पुतळ्यांवरून शहरात एवढं घडून गेलं, त्यांच्या खांद्यावर नातवाला बसवून फोटो काढण्यात शहाणपण नाही. नामपल्लीच्या पब्लिक गार्डन्सजवळ गन पार्कमध्ये एक्का यादगिरी राव यांनी घडवलेलं हुतात्मा स्मारक आहे. १९६९च्या आंदोलनात जीव गमावलेल्यांसाठी ते उभारलेलं आहे. तिथेही चढणं नाही, चढवणं नाही.

असे पुतळे फोटोतून वगळा, असं मात्र मी म्हणत नाही. हुसेनसागराजवळ १४ एप्रिल २०२३ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला, तोही पन्नास फुटी चौथऱ्यावर. शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. मराठी कुटुंबं तिथे हमखास फोटो काढतात आणि बहुतेक फोटोंत वर अर्धवट कापलेला पुतळा आणि खाली गॉगल लावलेलं कुटुंब एवढंच असतं. मूल चौथऱ्याजवळ उभं करून तुम्ही मात्र खूप मागे या, जमेल तितके मागे. फोनमधली दोन किंवा तीन पटीची लेन्स वापरा. जवळून रुंद लेन्सनं काढलं तर मूल मोठं दिसतं आणि पुतळा मागे निमुळता होत जातो. लांबून काढलं की दोघांचं खरं प्रमाण दिसतं. पुतळा किती उंच आहे हे तिथल्या पाटीवरून कळत नाही इतकं त्या ठिपक्याएवढ्या मुलाकडे पाहून कळतं. इथे मुलाला खेळायला लावायची गरजच नाही.

खेळायची शिल्पं वेगळी. बहादूरपुऱ्याचं नेहरू प्राणिसंग्रहालय ६ ऑक्टोबर १९६३ला सुरू झालं. त्याआधी शहराचे वाघ-सिंह नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डन्समध्येच असत. आता प्राणिसंग्रहालयात डायनोसॉरच्या पूर्णाकृती प्रतिमाही आहेत आणि त्यांच्यापुढे पोरांची गर्दी खऱ्या जनावरांइतकीच असते. एनटीआर गार्डनमध्ये झाडाच्या आकाराचं मचाण आणि फळांच्या आकाराची खाण्याची दुकानं आहेत. माधापूरच्या शिल्पारामममध्ये कुंभार, विणकर, सुतार यांच्या माणसाएवढ्या प्रतिमा झोपड्यांत मांडल्या आहेत. हुसेनसागराच्या काठी 'लव्ह हैदराबाद' अशी मोठी इंग्रजी अक्षरं आहेत. मुलांना त्या अक्षरांचा अर्थ नको असतो, त्यांतली भोकं हवी असतात. गल्लीबोळांतल्या महापालिकेच्या उद्यानांतले सिमेंटचे हत्ती, हरणं आणि जिराफ तर वेगळे सांगायलाच नकोत. मुंबईकरांना मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट आठवेल. आत शिरण्यासाठीच तो बांधला आहे.

यांतल्या प्रत्येक ठिकाणी चढायला मुभा असतेच असं नाही. कठडा असेल तर तो मुलानं ओलांडायचा नाही, आणि तुम्ही 'एकच मिनिट' म्हणत त्याला ओलांडायला लावायचं तर मुळीच नाही. फोटोसाठी कठडा ओलांडणारं मूल पुढच्या वेळी फोटो नसतानाही ओलांडतं.

शिल्प खेळायचं आहे की नाही, हे पाटीइतकंच त्याचा रंगही सांगतो. कुठे झिजलं आहे ते बघा. सिमेंटच्या हत्तीच्या पाठीवर, जिराफाच्या मानेच्या मुळाशी, मगरीच्या नाकावर रंग उडून खालचं राखाडी सिमेंट दिसत असेल, तर तिथे वर्षानुवर्षं मुलं बसत आली आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९५९ साली होसे दे क्रीफ्ट या शिल्पकारानं अ‍ॅलिसचं कांस्यशिल्प घडवलं, ते मुलांनी अंगाखांद्यावर खेळावं याच हेतूनं. मुलांच्या हातापायांनी घासून घासून त्याचे काही भाग लखलखीत झाले आहेत. कांस्यावर चढतो तो काळपट थर जिथे मुलांचा स्पर्श होतो तिथे टिकतच नाही. आपल्या सिमेंटच्या हत्तीला तेवढी ऐट नाही, त्याचा नुसता रंग उडतो. पण खूण तीच.

फोटोग्राफरला या झिजेचा सगळ्यात मोठा उपयोग असा, की मूल कुठे येणार हे तिच्यामुळे आधीच कळतं. कॅमेरा घेऊन मुलाच्या मागे पळणारा माणूस दर वेळी अर्धा सेकंद उशिरा पोचतो. त्याऐवजी झिजलेल्या जागेवर फोकस लावून, मागची चौकट ठरवून, बाजूला बसून राहा. पाठीवर चढायला मुलं एकाच बाजूनं येतात, पाय एकाच खाचेत ठेवतात, वर पोचल्यावर एकदा खाली आईकडे बघतात आणि मग हात वर करतात. दोन-तीन मुलांचं निरीक्षण केलंत की चौथं काय करणार ते तुम्हाला कळतं. उतरताना मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून उतरतानाचे फोटो जास्त मजेचे येतात. सोंडेवरून घसरणारं, पोटावर पालथं पडून पाय चाचपणारं, बाबांनी दोन्ही हात पुढे केल्यावरही त्यांच्यावर विश्वास नसलेलं.

हे निरीक्षण दुरून, गप्प बसून होतं. आणि इथेच खरी अडचण आहे. अनोळखी मुलांकडे टक लावून बसलेला कॅमेरावाला कुणालाच आवडत नाही.

२०१८ सालचा उन्हाळा आणि पावसाळा आठवा. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात फिरायला गेलेल्या काही जणांनी शाळेतल्या मुलांना चॉकलेटं वाटली, त्यावरून अफवा उठली आणि हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा जमावानं जीव घेतला. त्यांच्या हातून झालं काय, तर मुलांशी गोड वागणं. तेव्हा बागेतल्या अनोळखी मुलांना खाऊ देऊन हसवायचं, जवळ बोलवायचं, ही जुन्या फोटो-स्टुडिओतली सवय बागेच्या फाटकाबाहेर ठेवा. चॉकलेट नाही, फुगा नाही, 'इकडे ये बाळ' नाही.

आधी मोठ्यांकडे जायचं. मुलाला विचारण्याआधी त्याच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना, जे कुणी सोबत असेल त्यांना. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांना भाषा शिकवायची गरज नाही. पण नांदेड-पुण्याहून सुट्टीला आलेल्यांनी दोन वाक्यं पाठ करून ठेवावीत. तेलुगूत 'पाप फोटो तीसुकोवच्चा अंडी?' म्हणजे 'मुलीचा फोटो काढू का हो?' मुलगा असेल तर 'पाप'च्या जागी 'बाबू'. शेवटचं 'अंडी' विसरू नका, आपल्या 'अहो'सारखं ते मान देतं. जुन्या शहराकडच्या कुटुंबांशी दखनी चालते: 'बच्चे का फोटू ले लूँ क्या?' उत्तर 'नक्को' आलं तर मराठी माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तेलुगूत नकार 'वद्दु' असा येतो. नकार आला की हसून 'ठीक है' म्हणायचं आणि कॅमेरा दुसऱ्या दिशेला वळवायचा. नुसता खाली केलेला कॅमेरा संशय वाढवतो.

बुरख्यातली आई मुलाच्या फोटोला आनंदानं हो म्हणते, पण ती स्वतः चौकटीत आलेली तिला नको असतं. हे ती सांगेलच असं नाही, तुम्हीच विचारा. आणि फोटो काढून झाल्यावर तो तिला दाखवा, म्हणजे आपण त्यात नाही हे तिला दिसेल. कॅमेऱ्यासमोरच्या बाईची मर्जी आणि तिचा आडोसा सांभाळूनही उत्तम फोटो निघतात, हे या शहराला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव आणि सगळा कारभार एका इंग्रज बाईच्या हाती. पडद्यातल्या स्त्रियांनी पडद्याबाहेर येऊन फोटो काढून घ्यावा असा हट्ट त्यांनी धरला नाही. कॅमेराच पडद्याच्या आत नेला. आज बागेत भिंती उभारता येत नाहीत, पण विचारून घेता येतं.

परवानगीनं फोटोतला सहजपणा जातो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलांचे अप्रतिम फोटो काढणाऱ्या हेलन लेव्हिटचं नाव ते पुढे करतात. ती कॅमेऱ्याला काटकोनातून बघणारी भिंगाची नळी लावायची, त्यामुळे ती नेमकं कुणाचा फोटो काढते आहे हे समोरच्याला कळतच नसे. फोटो थोर आहेत यात वाद नाही. पण ते १९४०च्या आसपासचं न्यूयॉर्क होतं, आणि त्या फोटोंना एका क्षणात हजार मोबाइलवर पोचायची सोय नव्हती. माझं मत उलट आहे: परवानगी घेतल्यावरच सहज फोटो मिळतो. न विचारता काढताना तुम्ही घाईत असता, दूर असता, बहुधा पाठीमागे असता. विचारल्यावर तुम्हाला तासभर त्याच जागी बसायची मुभा मिळते.

परवानगी मिळाल्यावर पहिली दहा मिनिटं वाया जातात, ती जाऊ द्या. मूल दोन बोटं दाखवत उभं राहतं. बाबा ओरडतात, 'इक्कड चूडु, इक्कड चूडु!' आई केस विंचरायला धावते. तो फोटो काढाच, चांगला काढा आणि स्क्रीनवर मुलाला दाखवा. त्याचं समाधान झालं की त्याला तुमचा कंटाळा येतो आणि ते हत्तीकडे परत वळतं. तुमचं काम तेव्हा सुरू होतं.

कायद्याचंही थोडं समजून घ्यायला हवं. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. सार्वजनिक ठिकाणी कायमचं बसवलेलं शिल्प असेल तर त्याचा फोटो काढणं आणि छापणं यानं शिल्पकाराच्या हक्काचा भंग होत नाही, असं १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे. प्रश्न शिल्पाचा नसून मुलाचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये आला. त्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. घरगुती आणि खाजगी वापराला हा कायदा लागू नाही, म्हणजे भाचीचा फोटो घरच्या अल्बममध्ये गेला तर प्रश्न उद्भवत नाही. पण फोटो स्पर्धेला, मासिकाला, जाहिरातीला किंवा तुमच्या स्टुडिओच्या पानावर जाणार असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. कागदावर फोटो कुठे आणि कशासाठी वापरणार ते स्पष्ट लिहा. त्याची एक प्रत पालकांनाही द्या. बालगृहाची सहल आली असेल तर त्या मुलांकडे कॅमेरा वळवूच नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नं मनाई केली आहे, आणि सोबतच्या ताईंनी तोंडी 'हो' म्हटलं तरी ती मनाई उठत नाही.

बागेचे स्वतःचे नियम वेगळे. लुंबिनी पार्क, एनटीआर गार्डन, संजीवय्या पार्क ही हुसेनसागराभोवतीची उद्यानं शहर विकास प्राधिकरणाकडे आहेत, तर वस्त्यांतली छोटी उद्यानं महापालिकेकडे. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट आहे का, तिपाई चालते का, हे फाटकावरच्या पाटीवर वाचा किंवा खिडकीवर विचारा. २५ ऑगस्ट २००७ला लुंबिनी पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाला, त्याच संध्याकाळी कोठीच्या गोकुळ चाटमध्येही झाला आणि दोन्ही मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून इथे बॅग उघडून दाखवणं हा रिवाजच झाला आहे. लेन्सनं गच्च भरलेली मोठी बॅग घेऊन जाऊ नका. एक कॅमेरा, एक लेन्स, किंवा नुसता फोन. २०१४पासून शहरात पोलिसांची 'शी टीम' साध्या वेशात फिरते. कुणी येऊन 'काय काढताय?' असं विचारलं तर चिडण्यासारखं काही नाही. फोटो दाखवा, परवानगी देणाऱ्या पालकांकडे बोट दाखवा.

आता उजेड.

हैदराबाद सतरा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या खांबाची सावली पडत नाही. त्या दिवसांत दुपारी काढलेल्या फोटोत मुलांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, आणि हत्तीच्या पोटाखाली सगळी शाई सांडल्यासारखी. शिवाय मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेल्यावर लोखंडी आणि रंगवलेली सिमेंटची शिल्पं इतकी तापतात की मूल बसताक्षणी किंचाळतं. दुपारी जाऊच नका. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, मेमध्ये पावणेसातला. त्याआधीचा तास-सव्वा तास सोन्यासारखा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड चेहऱ्यांना सगळ्यात चांगला, फक्त ओल्या फायबरवर आणि शेवाळलेल्या सिमेंटवर पाय घसरतो. मूल हातानं धरून बसलेलं, पायाखाली खाच असलेलं बघा आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावा.

हुसेनसागराभोवती फिरताना दिशेचा हिशोब करा. टँक बंड तलावाच्या पूर्वेकडे आहे, त्यामुळे संध्याकाळी तिथून तलावाकडे बघितलं की सूर्य समोर येतो, तलावातल्या बुद्धाच्या मूर्तीमागे. इथे मुलांचे चेहरे उजळवायचा नाद सोडा, काळ्या छायाकृती काढा. आकाशावर उजेड मोजा, फोनवर आकाशाला बोट लावून तो धरून ठेवा. उडी मारणारं मूल, हातात हात घातलेल्या बहिणी, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं पोर, सगळं कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. या फोटोंचा आणखी एक फायदा म्हणजे चेहरा ओळखू येत नाही, त्यामुळे असा फोटो मोकळेपणानं कुणालाही दाखवता येतो. उलट तलावापलीकडे, नेकलेस रोडच्या बाजूला संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो. चेहरे उजळतात, पण मुलं डोळे मिचकावतात. तिथे सूर्य झाडीमागे उतरेपर्यंत थांबा.

शिल्पाचा रंग कॅमेऱ्याला फसवतो, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. काळ्या ग्रॅनाइटचं किंवा गडद कांस्याचं शिल्प चौकटभर असेल तर कॅमेरा 'अंधार आहे' असं समजून सगळं उजळवतो आणि मुलाचा चेहरा पांढराफटक होतो. तेव्हा उजेड हातानं कमी करा. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पांढरं ससाशिल्प असेल तर उलट. सशाचा पांढरा रंग बघून कॅमेरा उजेड कापतो आणि त्याच्या पाठीवरचं सावळं मूल अंधारात जातं. उजेड वाढवा, ससा थोडा फिका पडला तरी चालेल. चटक रंगवलेल्या फायबरचा आणखी एक त्रास. हिरव्या डायनोसॉरच्या पोटाजवळ उभ्या मुलाच्या गालावर हिरवी झाक येते, पोर आजारी दिसतं. नंतर संगणकावर ही झाक काढणं कठीण असतं, कारण ती अर्ध्याच चेहऱ्यावर असते. मूल आकाशाकडे तोंड करेपर्यंत थांबा.

शटरचा वेग चढणाऱ्या मुलाला १/२५० पुरतो, उडी मारणाऱ्याला १/१००० तरी हवा. आयएसओ आपोआप ठेवा, दाणेदार फोटो परवडतो, हललेला नाही. फोनवर बटण दाबून ठेवून किंवा बाजूला ओढून एकामागून एक फोटो निघतात, पण त्याचा अतिरेक नको. पन्नास फोटोंतून एक निवडत बसण्यापेक्षा हत्तीजवळ पन्नास सेकंद आणखी थांबा.

चौकटीबद्दल माझा एकच आग्रह आहे: शिल्प कसलं आहे ते फोटोत कळलं पाहिजे. सगळे जण मुलाच्या चेहऱ्याला भिडतात आणि मग मूल हत्तीवर आहे की जिन्यावर, हे सांगता येत नाही. तसा फोटो घरीही काढता आला असता. इथे बघायचं असतं ते दोन अंगांचं नातं, एक दगडी आणि एक जिवंत. हत्तीच्या सोंडेचा बाक आणि तिच्यावर वाकलेल्या पाठीचा बाक जुळतो तेव्हा बटण दाबा. शिल्पारामममध्ये मातीच्या कुंभाराशेजारी उकिडवं बसून त्याच्या हातांकडे बघणारं मूल दिसलं, तर त्याच्या पाठीकडूनच फोटो काढा. त्या जागी मूल शिल्पाला शिवतही नाही, नुसतं त्याच्यासारखं बसतं. मोठ्यांच्या नजरेला हा हत्ती ओबडधोबड, कंत्राटदारानं घाईत उरकलेला, एक कान तुटलेला असतो. मुलांसाठी तो कधी बस असतो, कधी किल्ला, कधी पकडापकडीतली 'सुरक्षित' जागा. तुटलेल्या कानाच्या जागी उघडी पडलेली लोखंडी सळी दिसली तर मात्र फोटो राहू दे, आधी तिथल्या माळ्याला किंवा वॉचमनला सांगा.

उंचीही बदला. उभ्यानं खाली बघून काढलेल्या फोटोत मूल बुटकं, हत्ती बसका आणि मागे कचऱ्याची पेटी दिसते. गुडघ्यावर बसा. फोन उलटा धरला तर त्याची लेन्स जमिनीजवळ जाते. तिथून मूल आकाशावर उमटतं, हत्ती खरोखर हत्तीएवढा होतो आणि मागच्या स्कूटर, पाट्या सगळं चौकटीखाली जातं. उंच बुद्धमूर्ती मुलाच्या तळहातावर ठेवल्यासारखा फोटो काढायचा मोह प्रत्येकाला होतो. एकदा काढून मोकळे व्हा.

स्वतःच्या मुलांचे फोटो काढताना सगळ्यात जास्त चुका होतात, कारण तिथे अडवायला कुणी नसतं. 'अजून थोडं वर जा', 'हात सोड', 'इकडे बघून उडी मार' ही तीन वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. मूल स्वतःच्या अंदाजानं जितकं चढतं तितकंच त्याला झेपतं. तुमच्या सांगण्यानं चढलेल्या शेवटच्या एका पायरीवर ते अडकतं, आणि फोटो काढणारे तुमचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात. मूल चार वर्षांखालचं असेल तर कॅमेरा एकाच्या हाती आणि मूल दुसऱ्याच्या. दोन्ही कामं एकट्यानं करायची नाहीत.

घरी आल्यावर फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी एकेक उघडून बघा. गणवेशावर शाळेचं नाव आहे का? मागे स्कूटरचा नंबर दिसतो का? झगा वर गेलेला, चड्डी दिसणारी, रडणारी, नाक वाहणारी मुलं, हे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत, स्वतःच्या मुलाचे असले तरी. ते मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर त्याला हा फोटो इंटरनेटवर बघायला आवडेल का, एवढं मनाला विचारलं तरी बरेच फोटो आपोआप गळतात. फोटोसोबत फोन ठिकाणाची नोंदही ठेवतो. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा किंवा पाठवताना काढून टाका. आणि अनोळखी मुलाचे फोटो पालकांना आवडले नाहीत, तर ते त्यांच्यासमोर पुसा. कचरापेटीच्या फोल्डरमधूनही.

आवडले, तर फोटो तिथेच द्या. 'नंबर द्या, रात्री पाठवतो' हे वाक्य आईला अडचणीत टाकतं. अनोळखी माणसाला नंबर द्यायचा नसतो आणि फोटो तर हवा असतो. दोन्ही फोन शेजारी धरून क्विक शेअर किंवा एअरड्रॉपनं नंबर न देता-घेता फोटो जातो. फोन जुना असेल तर ब्लूटूथ चालतं, वेळ लागतो इतकंच. पाठवत असताना मूल मध्ये डोकं घालणारच, त्याला निवडू द्या. बहुधा ते तुम्हाला सगळ्यात वाईट वाटलेला फोटो निवडतं, ज्यात हत्ती पूर्ण आहे आणि त्याचा स्वतःचा चेहरा अर्धा कापलेला.